‘अंगात येणे’ हे कोणाचे शब्द?

इंदूरच्याच एका ताईंनी विचारले आहे. पेंटेकोस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणाऱ्या ख्रिस्ती लोकांची उपासना बाहेरच्यांना कशी दिसते आणि राजकारणात तिचे काय अर्थ लावले जातात, या विषयावरचा एक लेख त्या आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मराठीत आणत आहेत. ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी २०१९ च्या निवडणूक प्रचारात, ईस्टरच्या रविवारी, सिडनीतील आपल्या चर्चमध्ये कॅमेरे येऊ दिले होते. त्या वेळच्या छायाचित्राचे वर्णन ताईंनी ‘अंगात आल्यासारखा एक हात वर करून डोळे मिटलेले पंतप्रधान’ असे केले आणि त्यांच्या पुतण्याने त्याला हरकत घेतली. ‘अंगात येणे’ चालेल का, आणि उपासकांच्या तोंडून निघणाऱ्या अनोळखी भाषेला काय म्हणावे, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

पुतण्याची हरकत मला मान्य आहे. मात्र शब्द अशिष्ट आहे म्हणून नव्हे, तर तो कोणाच्या बाजूने बोलतो म्हणून.

‘अंगात आले’ या प्रयोगाची गंमत अशी की त्यात कर्ताच नाही. ‘तिच्या अंगात देवी येते’ म्हटले की कर्ता जागेवर असतो आणि त्याच्याबरोबर बोलणाऱ्याची श्रद्धाही असते. कर्ता गाळून नुसते ‘तिच्या अंगात आले’ म्हटले की मागे उरतो तो बघणाऱ्याचा संशय. ‘फार अंगात आलंय त्याच्या’ हे रागावणे याच गाळलेल्या जागेतून निघाले असावे.

लहानपणी रामबागेतल्या एका वाड्यात अश्विन अष्टमीच्या रात्री महालक्ष्मीपुढे घागरी फुंकत असत. उकडीचा मुखवटा, उदाचा धूर, आणि घागरीच्या तोंडावर फुंकर मारीत फेर धरणाऱ्या बायका. तो खोल हुंकार भिंतीतून पलीकडच्या खोलीतही ऐकू येई. एका वर्षी आमच्याच एका काकूंची लय एकाएकी वाढली, अंबाडा सुटला. आजी हात जोडून म्हणाली, ‘आली आई.’ दारात उभ्या असलेल्या हिंदीभाषक शेजारीण म्हणाल्या, ‘माता आ गई.’ ओसरीवर वर्तमानपत्र वाचणारे काका मान वर न करता म्हणाले, ‘झालं, आलं हिच्या अंगात.’ घटना एकच; पण काकांच्या वाक्यात आई नाही आणि माताही नाही. (माळव्यात याला ‘भाव आना’ही म्हणतात. त्यावरून आमच्यातले कोणी ‘तिला भाव येतो’ म्हणाले की पुण्याच्या पाहुण्यांना बाजारातला कांदा आठवतो.)

आता हा शब्द पेंटेकोस्टल उपासनेला लावला की नुसता सूर नव्हे, अर्थही चुकतो. आपल्याकडच्या संचारात माणूस बाजूला होतो, त्याच्या तोंडून दैवत बोलते, आणि लोक त्या दैवताला प्रश्न विचारतात. पेंटेकोस्टल समजुतीप्रमाणे उपासक पवित्र आत्म्याने भरतो, पण बोलतो तो स्वतःच, आणि देवाशी बोलतो. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात हे स्पष्ट आहे, आणि संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या ताब्यात असतात असेही तेथेच म्हटले आहे. उलट, बायबलमध्ये ज्याचा ताबा दुसऱ्याच कोणी घेतलेला असतो, त्याच्यासाठी मराठीत ‘भूतग्रस्त’ हा शब्द आहे. म्हणजे ‘अंगात आले’ हे शब्द एखाद्या मराठी पेंटेकोस्टल माणसाने वाचले, तर त्याला त्यात देवी नव्हे, भूत दिसेल.

‘वारं येणे’ वापरण्याचा मोह मात्र मलाही झाला. नव्या करारातल्या ग्रीकमध्ये आत्म्यासाठी जो ‘न्यूमा’ शब्द आहे, त्याचा वारा आणि श्वास असाही अर्थ होतो, आणि येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याची गोष्ट नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आहे, तिथला पहिला आवाज सोसाट्याच्या वाऱ्यासारखाच आहे. पण मराठीत ‘वारं’ म्हटले की जोगतीण आणि पोतराज डोळ्यांपुढे येतात आणि वाचक लेख सोडून तिकडे जातो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही त्याच अध्यायात आहे. ‘ग्लोसा’ या ग्रीक शब्दाचा अर्थ जीभही आहे आणि भाषाही. शिष्यांवर उतरलेल्या अग्नीच्या जिभा आणि त्यांच्या तोंडून निघालेल्या भाषा यांना मुळात एकच शब्द आहे. मराठीत तो श्लेष साधत नाही, म्हणून ‘अन्य भाषांमध्ये बोलणे’ हा मराठी ख्रिस्ती लोकांचा रुळलेला प्रयोग घ्यावा. ‘बरळणे’ नको. हसणारे पहिल्या दिवसापासून आहेतच: हे नव्या द्राक्षारसाने झिंगले आहेत असे लोक म्हणाले, तेव्हा शिष्यांपैकी पेत्राला उत्तर द्यावे लागले की अजून दिवसाचा तिसराच तास चालू आहे, म्हणजे आपले सकाळचे नऊ. तो दिवस वल्हांडण या यहुदी सणानंतरचा पन्नासावा, आणि ‘पन्नासावा’ याच अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘पेंटेकोस्टल’ आले. त्याचे ‘पन्नासपंथी’ करू नये. मूळ शब्दच ठेवावा.

आधुनिक पेंटेकोस्टल चळवळ जेथून दूरवर पसरली त्या लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरील सभांबद्दल १९०६ च्या एप्रिलमध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने छापलेल्या मथळ्यात बाबेल होता. ज्या मनोऱ्याच्या गोष्टीत माणसांच्या भाषांची कालवाकालव झाली, तोच हा बाबेल. तेव्हा बातमी वाचण्याआधीच निकाल लागलेला होता. त्या सभांचे प्रमुख विल्यम सिमूर हे पूर्वाश्रमीच्या गुलामांचे पुत्र होते आणि तेथे काळे-गोरे एकत्र गुडघे टेकीत, हेही बघ्यांना खुपत होते. त्याच्या आदल्या वर्षी पुण्याजवळ केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात प्रार्थनेची अशीच लाट आली होती. तेथील अमेरिकन मिशनरी मिनी एब्रम्स यांनी लिहून ठेवले आहे की, प्रार्थना करणाऱ्या एका मुलीभोवती आग दिसली म्हणून दुसरी मुलगी पाण्याची बादली घेऊन धावली. एब्रम्स यांची पुस्तिका पुढे चिलीत पोहोचली आणि तेथील १९०९ च्या पेंटेकोस्टल चळवळीला तिने चालना दिली. मराठी मुलुखातही इतक्या लवकर घडलेल्या या घटनेला मराठीत नेमका शब्द नसावा, याचे मला नवल वाटते.

लेखाच्या राजकीय भागात दोन ठिकाणी जपावे. ब्राझीलविषयी लिहिताना ‘इव्हँजेलिकल’ आणि ‘पेंटेकोस्टल’ एकच समजू नयेत. तेथे ‘एव्हांजेलिको’ हा शब्द सर्वच प्रोटेस्टंटांना लावतात. पेंटेकोस्टल हा त्यातला मोठा गट, पण गटच. २०१६ मध्ये असेम्ब्ली ऑफ गॉड या पेंटेकोस्टल पंथाच्या एका पाळकांनी जॉर्डन नदीत बाप्तिस्मा दिलेले ब्राझीलचे माजी अध्यक्ष जाईर बोल्सोनारो हे तर स्वतःला कॅथलिकच म्हणवत आले. आणि ‘पाद्री’ शक्यतो टाळावा. तो पोर्तुगिजांकडून आलेला, बाहेरच्यांच्या तोंडचा शब्द आहे. मंडळीतले लोक ‘पाळक’ म्हणतात, आणि आपल्या इंदुरात सरळ ‘पास्टर’.

मॉरिसन यांच्याकडे परत येऊ. टाळकरी दोन्ही हात वर करून नाचतो तेव्हा आपण ‘रंगला’ म्हणतो, त्याच्या अंगात आले असे म्हणत नाही. पण ‘आराधनेत रंगलेले पंतप्रधान’ असे लिहिले तर ताईंची लेखणी उलट्या बाजूला झुकेल. प्रचाराच्या धामधुमीत कॅमेरे आत बोलावणाऱ्या नेत्याला अनुवादकाने ‘रंगलेला’ हे प्रशस्तिपत्र का द्यावे? म्हणून ‘डोळे मिटून, एक हात उंचावून गाणाऱ्या मंडळीत उभे असलेले पंतप्रधान’ एवढेच पुरे. मे महिन्यात निवडणूक जिंकल्यावर ‘माझा चमत्कारांवर नेहमीच विश्वास होता’ असे ते म्हणाले. तेथे ‘चमत्कार’ हाच शब्द ठेवावा, ‘नशीब’ करू नये. टीकाकारांच्या तोंडी मात्र ‘अंगात आल्यासारखे’ खुशाल घालावे, फक्त अवतरणचिन्हांत.