हुकूमशाही राजवटी युद्धकाळात सिनेमा आणि टीव्ही कसा वापरतात?

खोटं सांगण्यापेक्षा काय दाखवायचं नाही, हे ठरवणं त्यांच्या जास्त कामाचं असतं. नाशिकला आम्ही काही जण महिन्यातून एकदा कॉलेज रोडवर मित्राच्या घरी जमून जुनी चित्रफीत बघतो. एकदा नाझी जर्मनीचे साप्ताहिक वृत्तपट लावले होते. रणगाडे, हसरे सैनिक, दणदणीत संगीत. मेलेला जर्मन सैनिक मात्र जवळपास दिसतच नाही. मित्राची आई चहा ठेवता ठेवता म्हणाली, "अरे, यांच्यातलं कुणी मरत नाही का?" तिने मर्मावरच बोट ठेवलं.

सगळ्यात विदारक उदाहरण 'कोलबर्ग' या नाझी चित्रपटाचं. 1807च्या फ्रेंच वेढ्यात न झुकलेल्या, त्याच नावाच्या जर्मन शहराची ही रंगीत कथा. जर्मनी सगळीकडे मागे हटत असताना हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सने तिच्यासाठी पैसा ओतला, खरे सैनिक चित्रीकरणाला जुंपले. 30 जानेवारी 1945ला ती प्रदर्शित झाली आणि मार्चमध्ये खरं कोलबर्गच पडलं! ती बातमी गोबेल्सने लोकांपर्यंत जाऊ दिली नाही.

टीव्हीमुळे हे रोज घराघरात शिरतं. मार्च 2022मध्ये रशियाने सैन्याबद्दल 'खोटी माहिती' पसरवल्यास 15 वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा कायदा केला. सरकारी वाहिन्यांवर युक्रेनमधल्या युद्धाचं नाव 'विशेष लष्करी मोहीम'. त्याच महिन्यात तिथल्याच एका सरकारी वाहिनीच्या संपादिका मरिना ओव्स्यानिकोवा थेट बातम्यांत निवेदिकेच्या मागे युद्धविरोधी फलक घेऊन उभ्या राहिल्या. काही सेकंदच, पण ते धाडस मला फार मोठं वाटतं.

म्हणून युद्धाच्या बातम्या बघताना मी आता त्या माउलीचाच प्रश्न विचारतो.