कंपनीची गाडी मिळाली, तरी स्वतःचा एनसीबी सोडू नको

प्रिय लेकरा,
आशीर्वाद.

जालन्याच्या बियाणे कंपनीत लागलास, हिंगोली-नांदेड-लातूर भाग मिळाला आणि फिरायला कंपनीने गाडीही दिली, हे वडिलांकडून कळालं. बरं वाटलं. त्याच फोनवर ते म्हणाले की घरची गाडी आता काढून टाकायची, नाहीतर नुसता थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा) भरून दारात उभी ठेवायची. दोन्हीपैकी काहीही करायच्या आधी पॉलिसीवरचा एनसीबीचा, म्हणजे नो क्लेम बोनसचा रकाना बघ. क्लेम न टाकलेल्या वर्षांबद्दल हप्त्यात मिळणारी सूट ती हीच. पाच वर्षं क्लेम नाही म्हणजे तिथे 50 टक्के असणार. लोक गाडी विकताना नव्या टायरचे आणि म्युझिक सिस्टिमचे पैसे भांडून घेतात, आणि हा आकडा तसाच सोडून येतात.

हा बोनस गाडीचा नसतो. पॉलिसी ज्याच्या नावावर, त्याचा असतो. म्हणून गाडी विकली तरी तो घेणाऱ्याकडे जात नाही. वडिलांच्या नावावर गाडी करून दिलीस तरी त्यांना मिळत नाही; मालक हयात असेपर्यंत तो घरातल्या घरातही फिरत नाही. आणि कंपनीच्या गाडीची पॉलिसी कंपनीच्या नावावर. उद्या जिंतूर रोडला उसाची ट्रॉली घासून गेली आणि क्लेम टाकावा लागला, तर बोनस कंपनीचा जाईल, तुझा नाही. पण ती गाडी तू वर्षानुवर्षं बिनओरखड्याची चालवलीस, तरी त्याचंही पुण्य कंपनीच्याच खात्यात.

किंमत किती, तेही बघ. पहिल्या बिनक्लेम वर्षानंतर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाचव्यानंतर 50. ही सूट फक्त ओडीवर, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर. थर्ड पार्टीला लागत नाही. समज, ओडी 10,000 रुपये आहे. आज तू 5,000 भरतोस. बोनस गेला की पहिल्या वर्षी 5,000 जास्त, मग 3,000, 2,500, 1,500 आणि 500. परत 50 टक्क्यांवर येईपर्यंत 12,500 गेले. गाडी जुनी होते तसा हप्ता उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा कमी येईल. तरी बंपरच्या चार हजारांसाठी क्लेम का टाकू नये, ते यावरून कळेल.

आता घरची गाडी. वडील वापरणार असतील तर पूर्ण पॉलिसी चालू ठेव. नुसता थर्ड पार्टी भरलास तर बोनस वाढत नाही, आणि ओडीची मुदत संपून 90 दिवस उलटले की साठलेलाही जातो. गाडी उभीच आहे, मग ओडी कशाला, हा हिशोब इथे फसतो.

विकणार असशील तर ऑटो कन्सल्टंटकडे टीटी फॉर्मवर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्मवर) सह्या करून मोकळा होऊ नको. आरसी घेणाऱ्याच्या नावावर होईपर्यंत पॉलिसी तुझीच राहते, आणि तिच्यावर पडलेला क्लेम तुझा बोनस खातो. नावावर झाली की नव्या आरसीची प्रत जोडून विमा कंपनीला अर्ज दे आणि एनसीबी सर्टिफिकेट माग. ते तीन वर्षं चालतं. तेवढ्यात स्वतःच्या नावावर कार घेतलीस, नवी किंवा जुनी, की तिला हा बोनस लावता येतो. कारचा बोनस कारलाच. बुलेट घेशील तर उपयोग नाही. नव्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली किंमत जास्त, म्हणून ओडीही जास्त, तेव्हा खरा फायदा तिथेच. पण शोरूमवाले आपणहून विचारणार नाहीत, सर्टिफिकेट तुलाच पुढे करावं लागेल.

तीन वर्षं संपत आली म्हणून निव्वळ बोनस वाचवायला जुनी गाडी घ्यायची का? माझं मत विचारशील तर, घेऊ नको. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होईल.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. कंपनीने पुढे हीच गाडी तुझ्या नावावर करून दिली, तर त्या गाडीवर कमावलेला बोनस तुला मिळू शकतो. मोटार टॅरिफच्या, म्हणजे गाडीच्या विम्याच्या जुन्या नियमांत तशी सोय होती; आपली विमा कंपनी ती मानते का, ते विचारून घे. त्यासाठी कंपनीचं पत्र लागतं: ‘सदर वाहन दि. अमुक ते दि. तमुक या काळात श्री. अमुक यांना देण्यात आले होते व केवळ त्यांच्याच वापरात होते.’ यातला ‘केवळ’ महत्त्वाचा. आज तू, उद्या दुसरा कोणी चालवणार असेल तर हे पत्र मिळणार नाही. आणि आधी आरसी बघ. गाडी लीजवर असेल तर मालक तुझी कंपनी नसून लीजवाले असतील, मग विमा कंपनीला विचारूनच पुढे जा. पत्र राजीनामा द्यायच्या आधी घे. एकदा फुल अँड फायनल (नोकरीचा शेवटचा हिशोब) झालं की एचआरवाले फोन उचलत नाहीत.

नसलेला बोनस मात्र कधी लिहून देऊ नको. एजंट म्हणेल, कोण बघतंय. क्लेमच्या वेळी नवी कंपनी जुन्या कंपनीला विचारते, आणि तू सही केलेल्या डिक्लरेशनमध्येच लिहिलेलं असतं की माहिती खोटी निघाली तर ओडीचे सगळे फायदे जप्त.

आणि हो, मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा तुझ्या जुन्या पॉलिसीबरोबर असेल तर विक्रीनंतर तोही गेला. कंपनीच्या गाडीचा मालक माणूस नाही, कंपनी आहे, त्यामुळे त्या पॉलिसीत तो तुला मिळत नाही. कंपनीचा ग्रुप अपघात विमा आहे का विचार. नसेल तर वेगळा काढ. बोनसपेक्षा याची घाई जास्त.

पॉलिसीचं पहिलं पान व्हॉट्सॲपवर पाठव, मुदतीची तारीख दिसेल असं. जूनमध्ये संपत असेल तर मेमध्येच उरकू. पेरणी सुरू झाली की तू दुकानादुकानांत अडकशील आणि माझा फोनही घेणार नाहीस.

तुझा,
काका
परभणी