स्मृती-शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याआधी

कुणाच्या तरी स्मरणार्थ दिल्या जाणाऱ्या शिष्यवृत्त्या पुण्यात बऱ्याच आहेत, पण तू आधी महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल उघड. कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर राजर्षी शाहू योजनेत खुल्या गटालाही निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना तर २०२४-२५ पासून पूर्ण माफी आहे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलीस की हे सगळं हुकतं.

म्हणून स्मृती-शिष्यवृत्ती देणाऱ्या ट्रस्टच्या अर्जात फीचं रडगाणं नको. खोलीभाडं, मेस, लॅपटॉप यांचा महिनावार हिशेब मांड. घरून किती येतात आणि किती कमी पडतात, ते स्पष्ट लिही. मुलाखतीला समोर बहुधा त्या दिवंगत माणसाचे घरचे किंवा मित्र असतात. 'मला देशाची सेवा करायची आहे' हे ऐकून त्यांचे कान किटलेले असतात. त्यापेक्षा घरचा मिक्सर उघडून काय कळलं ते सांग. ज्यांच्या नावाने शिष्यवृत्ती आहे, त्यांनी काय काम केलं हे वाचून जा, पण स्तुतिसुमनं नकोत. ती लगेच कळतात.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढ, नंतर सेतूत रांगा लागतात. बँक खातं आधारशी जोडलेलं हवं.

आणि नूतनीकरणाची अट वाच. बॅकलॉग (नापास होऊन राहिलेला विषय) चालत नसेल, तर दुसऱ्या वर्षीच्या एम-थ्रीची, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरची तयारी वेळेवर धर.