म्युलर-लायर आणि पोन्झो या दृष्टिभ्रमांचं कारण एकच आहे का?
पूर्णपणे नाही. पोन्झोत रुळांसारख्या वर जवळ येणाऱ्या दोन रेषांमध्ये सारख्याच लांबीच्या दोन आडव्या रेषा असतात. मेंदू वरची दूरची समजतो, म्हणून ती मोठी भासते. म्युलर-लायरमध्ये (1889) सारख्याच लांबीच्या दोन रेषांपैकी टोकांना बाहेर फाकलेले बाण असलेली रेषा, आत वळलेले बाण असलेल्या रेषेपेक्षा लांब दिसते. यालाही बरेच जण हेच कारण लावतात: बाहेर फाकलेले बाण म्हणजे भिंतींचा आतला कोपरा, म्हणजे दूर. पण करून बघाच. 5 सेंमीच्या दोन रेषा काढा. बाणांऐवजी 1 सेंमी व्यासाची वर्तुळं लावा, एकीला टोकांबाहेर, दुसरीला टोकांच्या आत. कोपरा नाही, अंतराचा आभास नाही, तरी पहिली लांब दिसते! टोकांचे आकारही मेंदू लांबीत धरतो, हे स्पष्टीकरण इथे जास्त पटतं. वर्तुळं रेषेच्याच रंगात काढा. रंग वेगळा असला की भ्रम सौम्य होतो.