नोटीस आली म्हणजे घर गेलं का?

कर्ज समुपदेशनात हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. पिंपरीच्या एका जोडप्यानेही हेच विचारलं. नवऱ्याची नोकरी गेली, हप्ते थकले, खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, झालं. सासूबाईंना कळू नये म्हणून बँकेची नोटीस कपाटात साड्यांखाली ठेवलेली. माझ्याकडे आले तेव्हा तिला महिना उलटून गेला होता.

मी आधी तारीख पाहिली. सरफेसी कायद्याच्या, म्हणजे कोर्टात न जाता तारण घर ताब्यात घेऊन विकायची मुभा बँकेला देणाऱ्या कायद्याच्या, कलम १३(२) ची नोटीस होती, म्हणजे ६० दिवसांची मुदत. तेवढ्यात बँक ताबा घेऊ शकत नाही. या काळात आपलं म्हणणं लेखी दिलं, तर १५ दिवसांत कारणांसह उत्तर देणं बँकेला बंधनकारक आहे. हे दोघं मात्र वसुली एजंटाशी फक्त फोनवर बोलत होते. त्याची नोंद कुठे राहणार?

आम्ही तिथेच अर्ज लिहिला: नोकरी कधी गेली, नवी कधी लागली, थकबाकी कोणत्या तारखांना भरणार, आणि दोनदा लागलेला दंड. शाखेत देऊन पोच घ्यायला लावली.

"मॅडम, माझा भाऊ म्हणतो, कोर्टातून स्टे आणू," ताई म्हणाल्या. या कायद्याखालच्या कारवाईला दिवाणी कोर्ट स्टे देऊ शकत नाही. दाद मागायची ती ऋणवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत. पुण्यातही ते आहे. ताब्याची नोटीस दारावर लागली की लोक सगळं संपलं म्हणून सामान बांधतात. खरं तर डीआरटीत जाण्याची ४५ दिवसांची मुदत तेव्हाच सुरू होते. पण तिथे बँकेची कायदेशीर चूक दाखवावी लागते. नुसतं "पैसे नाहीत" म्हणून भागत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

आणखी एक गोष्ट मी दोनदा सांगितली. पूर्ण देणं फेडून घर सोडवण्याचा हक्क २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच उरतो. लिलावाच्या दिवशी पैसे घेऊन धावणाऱ्यांची घरं गेलेली मी पाहिली आहेत.

नवरा सगळा वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, "सावकाराकडून उचलू का?" मी ठाम नाही म्हटलं, आणि आईला सांगायला सांगितलं. त्यांनी रडत सांगितलं. सासूबाईंनी आपली ठेव मोडून निम्मी थकबाकी भरली. उरलेली तीन टप्प्यांत घ्यायचं बँकेने लेखी कबूल केलं. सगळी थकबाकी फिटल्यावर खातं पुन्हा नियमित झालं.