रात्रीच रिस्टार्ट होणारा कॅमेरा आणि पीओईची इतर दुखणी

प्रश्न : गेटवरचा पीओई कॅमेरा (नेटवर्क केबलमधूनच वीज घेणारा) दिवसा व्यवस्थित चालतो, पण अंधार पडला की सारखा रिस्टार्ट होतो. कॅमेरा बदलला, तरी तेच. केबल साधारण ८० मीटर आहे.

कॅमेरा बदलूनही दुखणं जागेवरच आहे, म्हणजे आता केबलकडे वळा. अंधारात आयआर एलईडी (रात्री दिसण्यासाठीचे इन्फ्रारेड दिवे) पेटतात आणि कॅमेरा एकदम जास्त वीज खेचतो. केबलचा रोध जास्त असेल तर टोकाशी व्होल्टेज कोसळतं आणि कॅमेरा बंद पडतो. भार उतरला की तो पुन्हा सुरू होतो, एलईडी पुन्हा पेटतात, आणि हे उजाडेपर्यंत चालतं.

८०२.३एएफ या पीओईच्या मानकात स्विचचा (कॅमेऱ्यांच्या केबल जिथे जोडतात त्या पेटीचा) पोर्ट १५.४ वॉट देतो आणि कॅमेऱ्यापाशी १२.९५ वॉटच धरायचे असतात. उरलेली वीज केबल तापवण्यात जाते. हा हिशेब १०० मीटर अस्सल तांब्याचा आहे. स्वस्तातली सीसीए केबल म्हणजे ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा. तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आत चंदेरी धातू दिसला तर ती सीसीए. पीओईसाठी ती वापरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वाचलेले पैसे पुढे शिडीवर चढण्यातच जातात.

खात्री करायची तर कॅमेरा खाली उतरवा, स्विचशेजारी दोन मीटरच्या पॅच कॉर्डवर लावा आणि सेटिंगमधून नाइट मोड सक्तीने चालू करा. इथे तासभर टिकला, तर दोष केबलचा किंवा तिच्या क्रिंपिंगचा (टोकाला कनेक्टर दाबून बसवण्याचा).

प्रश्न : आठ पोर्टच्या स्विचवर सहा कॅमेरे चालतात, सातवा लावला की एखादा बंद पडतो. पोर्ट खराब असेल का?

पोर्ट बहुधा ठणठणीत आहे. स्विचवरचा एकूण पीओई बजेटचा (सगळ्या पोर्टांना मिळून देता येणाऱ्या विजेचा) आकडा पाहा. तो ६० वॉट असेल आणि रात्री प्रत्येक कॅमेरा ९ वॉट घेत असेल, तर सहांचे ५४ झाले. सातव्याला जागाच नाही. बेरीज नेहमी रात्रीच्या वापराची करायची. शिवाय काही स्विच प्रत्यक्ष वापर न बघता कॅमेऱ्याच्या क्लासप्रमाणे (मानकात ठरलेल्या विजेच्या गटाप्रमाणे) वीज राखून ठेवतात. क्लास ३ च्या कॅमेऱ्याला १५.४ वॉट, म्हणजे ६० वॉटमध्ये जेमतेम तीन! मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच असेल तर ही सेटिंग बदलता येते का ते बघा.

प्रश्न : पाऊस झाला की एक कॅमेरा जातो, ऊन पडलं की परत येतो.

आरजे४५ जोडात (नेटवर्क केबलच्या प्लगच्या जोडात) पाणी शिरतंय. जोड उघडून पिना निरखून पाहा. हिरवट थर दिसला तर साफसफाईवर भागवू नका, कनेक्टर कापून नवा क्रिंप करा. कॅमेऱ्यासोबत आलेली वॉटरप्रूफ टोपी रबरी वॉशरसकट बसवा (ती बऱ्याचदा खोक्यातच राहून जाते) आणि जोड बंद जंक्शन बॉक्समध्ये ठेवा. बॉक्समध्ये शिरण्याआधी केबलला खाली झोका द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल.

प्रश्न : जुना २४ व्होल्टचा इंजेक्टर (नेटवर्क केबलमध्ये वीज सोडणारा ॲडॅप्टर) पडून आहे. कॅमेऱ्याला लावू का?

नको. तो पॅसिव्ह असतो, समोर काय जोडलंय हे न विचारता वीज सोडतो. मानकाप्रमाणे चालणारा पोर्ट आधी समोरच्या उपकरणाची ओळख पटवतो, मगच सुमारे ४४ ते ५७ व्होल्ट देतो. २४ व्होल्टवर तुमचा कॅमेरा बहुधा सुरूच होणार नाही, आणि चुकून तो इंजेक्टर लॅपटॉपच्या पोर्टात गेला तर पोर्ट जळू शकतो. ८०२.३एएफ किंवा ८०२.३एटी (जास्त विजेचं पुढचं मानक) असं छापलेलाच इंजेक्टर घ्या.