शेंगदाणे घातलेलं भडंग खाऊन मुलाला गांधी उठल्या. ॲलर्जीच्या रक्ततपासणीच्या रिपोर्टमध्ये पॉझिटिव्ह आलेले गहू, दूध, तूरडाळही बंद करू का?

नाही, बंद करायचा तो शेंगदाणा. गहू, दूध, तूरडाळ मुलगा आजवर बिनत्रास खात असेल तर चालू ठेवा. मी मिरजेत मुलांच्या ओपीडीत नर्स आहे, असे लांबलचक रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेले पालक नेहमी येतात. या तपासणीत आयजीई पॉझिटिव्ह म्हणजे शरीराने त्या पदार्थाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार केलीत, एवढंच. ॲलर्जी ठरते ती खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत काय झालं यावरून. शेंगदाणा आणि तूर एकाच शेंगवर्गातले, म्हणून एकाबरोबर दुसऱ्याचाही आकडा वाढलेला दिसू शकतो. उगाच दूध-डाळ तोडली तर पोर वाळतं हो! शेंगदाण्याबाबत मात्र कडक राहा: कूट वांग्याच्या भाजीत, साबुदाणा खिचडीत, काकडीच्या कोशिंबिरीत असतंच, पंगतीत आधी आचाऱ्याला विचारा. पक्कं निदान ॲलर्जीच्या डॉक्टरांकडूनच करून घ्या. गरज पडली तर ते स्वतःसमोर थोडं थोडं खायला घालून तपासतात, घरी तो प्रयोग नको. आणि ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, धाप लागली, तर गोळी देऊन वाट बघू नका, लगेच जवळचं हॉस्पिटल गाठा. तिथे मांडीत गंभीर ॲलर्जी आवरणारं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन देतात.